पाणबुड्याची बंडी : निवड कशी करावी?

जो जिन्नस विकत घ्यावयाचा तो कशासाठीं आहे हें प्रथम समजून घ्यावें व मग त्याची किंमत विचारावी, हा संसारांतील जुना नियम आहे. जिन्नस नवा असला म्हणजे मात्र हा नियम उलटा फिरतो. रंग आधीं दिसतो, किंमत त्यानंतर कळते, आणि उपयोग काय तें बहुधा वस्तु घरीं आणल्यावर उमगतें. भांड्याकुंड्यांच्या बाबतींत असें झालें तर थोडा पैका वायां जातो, इतकेंच. परंतु समुद्रांत पंधरा-अठरा मीटर खालीं गेलेल्या आपल्या मुलाचा तोल ज्या वस्तूवर अवलंबून आहे, तिच्या बाबतींत असें होऊन चालावयाचें नाहीं.

हा विषय या महिन्यांत निघण्यास नाशिकच्या एका वाचक भगिनींचें पत्र कारण झालें. त्यांची कन्या पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. येत्या सुटींत ती मैत्रिणींसमवेत अंदमानांतील स्वराजद्वीपास, म्हणजे २०१८ पर्यंत ज्यास हॅवलॉक म्हणत त्या बेटावर, पाठीस सिलिंडर लावून समुद्रांत बुडी मारण्याचें शिक्षण घेण्यास जाणार आहे. महाविद्यालयांतील वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी परदेशीं जात असल्यामुळें आपली बंडी तिला निम्म्या किंमतीस देऊं करीत आहे. तो अंगानें थोराड. मुलगी बारीक चणीची, वजन बावन्न किलो. आजोबांचें मत असें कीं, असल्या फंदांत पडूंच नये. आईचें मत असें कीं, जाणारच असेल तर स्वतःची भक्कम बंडी असावी, आणि ती थोडी मोठी असली तर बरेंच, कारण 'जास्त तरंगेल'. मुलीचें म्हणणें, शिष्यवृत्तीचे पैसे आपले आहेत. घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यावी तर कोणती, असें बाईंनीं आम्हांस विचारलें आहे.

आमचें स्वतःचें पोहणें विहिरीपुरतें. म्हणून आमचे एक जुने विद्यार्थी, जे मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या समुद्रांत लोकांस ही विद्या शिकवितात, त्यांजपाशीं दोन दिवस बसून आम्हीं सर्व प्रकारच्या बंड्या हातांत घेऊन पाहिल्या. पुढील विवेचनांत त्यांचा अनुभव आणि पदार्थविज्ञानाचे साधे नियम यांखेरीज दुसरें कांहीं नाहीं.

पाणबुडे लोक या वस्तूस बीसीडी किंवा नुसतें जॅकेट म्हणतात. दुकानांत हींच नांवें सांगावींत. आम्ही येथें बंडी म्हणूं, कारण बिनबाह्यांच्या बंडीसारखीच ती अंगांत घालावयाची असते. तिच्या पाठीवर सिलिंडर पट्ट्यानें आवळून बसवितात. तिच्या पोटांत हवा न गळणारी एक पिशवी असते. डाव्या खांद्यावरून एक लवचिक नळी लोंबते व तिच्या टोंकास दोन कळा असतात. एक कळ दाबली कीं सिलिंडरांतील हवा पिशवींत शिरते. नळी उंच धरून दुसरी दाबली कीं पिशवींतील हवा बाहेर जाते. हवा तोंडानें फुंकून भरण्याचीही सोय त्याच टोंकास असते. याशिवाय खांद्यावर व कमरेमागें दोरी ओढून हवा सोडण्याच्या झडपा असतात, आणि दाब अति झाल्यास आपोआप उघडणारी झडप पिशवीस फाटूं देत नाहीं.

आतां पहिला गैरसमज दूर करूं. ही बंडी म्हणजे होडींत देतात तें जीवनरक्षक जॅकेट नव्हे. जीवनरक्षक जॅकेट शुद्ध हरपलेल्या माणसाचें तोंडही पाण्याबाहेर राहावें या हेतूनें घडविलेलें असतें. बंडी तसें करीलच अशी हमी तिचे कारखानदार देत नाहींत. उलट तसा इशारा ते तिच्यावर छापतात. युरोपांत या बंड्यांसाठीं ईएन १८०९ हें मानक निराळें आहे, आणि जीवनरक्षक जॅकेटांचें निराळें. तेव्हां 'बंडी आहे, आतां बुडण्याची भीति नाहीं' असें समाधान आईबापांनीं मानूं नये.

आमच्या लहानपणीं विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा किंवा रिकामा बंद डबा बांधीत. भोपळ्याचें काम एकच, माणसास वर ठेवणें. बंडीचीं कामें तीन आहेत. पाण्याच्या पृष्ठभागावर असतां वर ठेवणें, हवें तेव्हां खालीं जाऊं देणें, आणि मध्यें जेथें थांबावयाचें तेथें न वर न खालीं असें अधांतरीं धरणें. या तिहींत तिसरें काम सर्वांत महत्त्वाचें. तळाच्या प्रवाळावर न आदळतां आणि फुग्यासारखें वर न उसळतां माणूस पाण्यांत स्थिर राहिला, तरच त्याचा श्वास शांत चालतो व सिलिंडरांतील हवा पुरते.

हें तिसरें काम कठीण कां, तें पाहूं. आर्किमिडीज यानें सुमारें बावीसशे वर्षांपूर्वीं सांगितलें कीं, पदार्थ पाण्यांत जितकें पाणी बाजूस सारतो तितक्या पाण्याच्या वजनाइतका त्याला वर जोर मिळतो. म्हणजे बंडींत एक लिटर हवा भरली तर सुमारें एक किलोचा जोर वर लागला. पण रॉबर्ट बॉईल यानें १६६२ सालीं मांडलेला नियम असा कीं, दाब वाढला कीं हवा त्या प्रमाणांत आक्रसते. समुद्रांत दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावरची एक लिटर हवा दहा मीटरांवर अर्धा लिटर होते, वीस मीटरांवर तिसरा हिस्सा, तीस मीटरांवर पाव लिटर. भोपळा टणक असल्यामुळें आक्रसत नव्हता. बंडींतील हवा आक्रसते. खालीं जावें तों वर धरणारा जोर कमी होतो व माणूस अधिकच खालीं जातो. वर यावें तों हवा फुगते व माणूस अधिकच वर उसळतो. सुज्ञ वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल कीं, यांत सर्वांत मोठा फेर वरच्या दहा मीटरांत पडतो. तिसांवरून विसांवर येतांना हवा एक-तृतीयांशानें वाढते, पण दहांवरून वर येतांना ती दुप्पट होते. नवशिके शिकतात तेंही मुख्यतः उथळ पाण्यांतच, हें विसरूं नये.

येथेंच आमच्या वाचकांपैकीं जे प्राणायाम करतात त्यांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सिलिंडरानें श्वास घेत असतां कुंभक सर्वथा वर्ज्य आहे. दहा मीटरांवर छातीभर हवा घेऊन ती कोंडून धरली व तसेंच वर आलें, तर तीच हवा दुप्पट होऊं पाहते आणि फुप्फुसांस इजा होऊन प्राणावर बेततें. म्हणून श्वास सतत, सावकाश व अखंड चालू ठेवणें हा या विद्येचा पहिला धडा आहे. बंडी एकाएकीं फुगून माणसास वर नेऊं लागली म्हणजे घाबरून श्वास कोंडला जाण्याचा संभव अधिक, म्हणून गरजेपेक्षां जास्त हवा मावणारी बंडी ही सोय नसून जोखीम आहे.

या साधनाचा इतिहास फार जुना नाहीं. जॅक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनीं १९४३ सालीं फ्रान्समध्यें सिलिंडरांतील हवा मागणीनुसार देणारें यंत्र सिद्ध केलें, तेव्हांच्या पाणबुड्यांजवळ बंडी नव्हतीच. शिसें किती बांधावें याचा हिशेब आणि स्वतःचीं फुप्फुसें यांवरच ते तोल राखीत. पुढें गळ्याभोंवतीं घालावयाची हारासारखी पिशवी आली, आणि १९७० नंतरच्या दशकांत आजच्या बंडीचा घाट रूढ झाला.

आतां 'जास्त तरंगेल' या मुख्य मुद्द्याकडे वळूं. बंडीनें किती वजन उचलावें, याचा हिशेब मराठी तिसरीच्या मुलासही करतां येईल. सामान्य सिलिंडर अकरा लिटरांचा असतो व त्यांत दोनशे बार दाबानें हवा भरतात. म्हणजे मोकळी हवा सुमारें २,२०० लिटर. एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२ ग्रॅम धरलें तर ही हवाच अडीच किलोंहून थोडी अधिक भरते. बुडी संपतांना सिलिंडरांत पन्नास बार शिल्लक ठेवण्याचा प्रघात आहे; तेव्हां मध्यंतरीं सुमारें दोन किलो हवा वापरली जाते व माणूस तितका हलका होतो. शेवटीं हलकें पडूं नये म्हणून तितकें शिसें आधींच घ्यावें लागतें, आणि आरंभीं तो दोन किलो भार बंडीनें तोलावा लागतो. दुसरें, अंगांतील रबरी फेंसाचा पोशाख खोल गेल्यावर दबतो व त्याचा वर धरणारा जोर घटतो. आपल्याकडील उष्ण समुद्रांत तीन मिलिमीटरचा पातळ पोशाख पुरतो, त्यापोटीं आणखी एक-दोन किलो धरूं. पाण्याखालीं बंडीस उचलावयाचें तें एवढेंच, चार किलोंच्या आसपास. बाकीचा जोर लागतो तो वर आल्यावर डोकें व खांदे पाण्याबाहेर ठेवण्यास. सर्व मिळून दहा ते तेरा किलो उचलणारी बंडी बारीक चणीच्या मुलीस आपल्या समुद्रांत भरपूर झाली. कित्येक बंड्यांवर हा आंकडा न्यूटनमध्यें छापलेला असतो. १०० न्यूटन म्हणजे सुमारें १० किलो समजावें. थंड देशांत, जाड पोशाख व दोन सिलिंडर घेऊन उतरणारांस वीस किलो किंवा अधिक लागतात. त्यांची गरज ती आपली गरज नव्हे.

मोठ्या पिशवीचा तोटा केवळ भाराचा नाहीं. अर्धवट भरलेल्या मोठ्या पिशवींत हवा घड्यांत अडकते, अंग वांकडें झालें कीं एका बाजूकडून दुसरीकडे धांवते, आणि पोहतांना पाणी अडतें. कळ अडकून हवा भरतच राहिली, तर मोठी पिशवी माणसास अधिक वेगानें वर नेते. असें झाल्यास नळीची जोडणी तात्काळ काढावी व झडपेची दोरी ओढून हवा सोडावी, हें शिक्षक प्रथमच शिकवितात. पण शिकलेलें हात आपोआप करूं लागेपर्यंत पिशवी लहान असलेली बरी.

आतां मापाविषयीं. आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल आहे आणि ती काटकसरीची म्हणून आम्हांस मान्यही आहे. शाळेचा सदरा पहिलें वर्षभर ढगळ दिसला तरी विद्या कांहीं अडत नाहीं. पण बंडी वाढत्या अंगाची घेऊं नये. ढगळ बंडी पाण्यांत हवा भरतांच खांद्यांवरून वर सरकते. माणूस खालीं, बंडी कानांशीं, आणि पाठीवरचा सिलिंडर डावीउजवीकडे डुलतो, अशी अवस्था होते. सिलिंडर डुलला कीं अंग फिरतें, अंग सांवरण्यांत दम लागतो, दम लागला कीं हवा भराभर संपते. उलट बंडी फार घट्ट असेल तर ती पूर्ण भरल्यावर बरगड्या आवळल्या जातात व ऐन गरजेच्या वेळीं श्वास पुरत नाहीं.

म्हणून दुकानांत बंडी कशी पाहावी, तें क्रमानें सांगतों. ज्या पोशाखांत बुडावयाचें तो पोशाख अंगांत घालून मगच बंडी घालावी. पट्टे आवळून तोंडानें फुंकून ती पूर्ण भरावी व दीर्घ श्वास घेऊन पाहावा; छाती अडतां कामा नये. कोणास तरी खांद्याचे पट्टे वर ओढावयास सांगावें. बंडी दोन-तीन बोटांहून अधिक सरकली तर ती मोठी आहे. पाठीस सिलिंडर बसवून कमरेंत वांकावें; तो डोक्यावर घसरतां कामा नये. डोळे मिटून प्रत्येक झडपेची दोरी व प्रत्येक बकल हातानें शोधावें, कारण पाण्याखालीं खालीं पाहून शोधण्यास सवड नसते. मुलींनीं हें विशेष पाहावें कीं, खांद्याचे पट्टे छातीवरून न जातां बाजूनें वळतात कीं नाहीं, व पाठीचा भाग कमरेखालीं उतरून नितंबांवर टेकत नाहींना. स्त्रियांच्या चणीसाठीं निराळ्या घडविलेल्या बंड्या मिळतात. त्या घालून पाहिल्यावांचून पुरुषी मापाची लहान बंडी घेऊं नये.

बंड्यांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला जॅकेटाचा, यांत पिशवी पाठीपासून कांखेखालून पुढें येते. पृष्ठभागावर माणूस ताठ व निवांत राहतो, म्हणून शिक्षणकेंद्रांत हाच अधिक दिसतो. पूर्ण भरल्यावर पोटाशीं आवळतो, हा त्याचा दोष. दुसऱ्यांत सर्व हवा पाठीमागें राहते. पाण्यांत अंग माशासारखें आडवें राहतें व छाती मोकळी असते. पण वर आल्यावर हवा फार भरली तर तोंड पुढें झुकूं पाहतें. किंचित् मागें रेलून बसण्याची व हवा बेतानें भरण्याची संवय झाली कीं तेंही सुटतें. तिसरा प्रकार म्हणजे धातूचा पाठफळा, एकसंध पट्टा व मागें निराळी पिशवी. फ्लॉरिडांतील जलगुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांनीं हा रूढ केला. कोणत्याही अंगास तो बेतून घेतां येतो व झिजलेला भाग तेवढाच बदलतां येतो. म्हणून जो वर्षानुवर्षें बुड्या मारणार त्यास तो शेवटीं स्वस्त पडतो. पोलादी फळा स्वतःच दोन-अडीच किलोंचा असल्यानें तितकें शिसें कमी लागतें, मात्र विमानप्रवासांत तोच भार जाचतो. पट्टे बेतण्यास जाणता माणूस जवळ हवा. नवशिक्यास पहिले दोन प्रकार सोईचे.

शिशाचा विचार बंडीबरोबरच केला पाहिजे. कांहीं बंड्यांत शिसें ठेवण्यास खिसे असतात; कित्येकजण तें कमरेच्या पट्ट्यांत ओवतात. कसेंही असो, एका हिसक्यासरशीं तें टाकून देतां आलें पाहिजे, आणि हें डाव्या व उजव्या दोन्ही हातांनीं करून पाहिलें पाहिजे. दगावलेल्या पाणबुड्यांच्या चौकशींत शिसें अंगावर तसेंच राहिलेलें वारंवार आढळलें आहे. वर आल्यावर संकट वाटलें तर आधीं बंडी फुगवावी व मग शिसें सोडून द्यावें. शिशाचा मोह धरूं नये. शिसें किती घ्यावें याची कसोटीही सोपी आहे. सिलिंडरांत पन्नास बार असतां, बंडी रिकामी करून, साधा श्वास घेतल्यावर पाणी डोळ्यांच्या रेषेशीं यावें, आणि श्वास सोडतांच माणूस हळूच खालीं जावा. नवशिक्यास खालीं नेणें सोपें जावें म्हणून दोन-चार किलो शिसें अधिक बांधण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं आहे. मग तो जादा भार तोलण्यास बंडींत जादा हवा, आणि त्या जादा हवेचा जादा चढउतार, असें दुष्टचक्र सुरू होतें. कसोटी घेऊनच शिसें ठरवा, असें मुलीनें शिक्षकांस नम्रपणें पण स्पष्टपणें सांगावें.

वापरलेली बंडी घेणें गैर नाहीं. पण ती पारखून घ्यावी. आपोआप उघडणारी झडप सुटेपर्यंत ती भरून रात्रभर ठेवावी. सकाळीं सैल पडली तर कोठें तरी गळत आहे. हलवून पाहावी, आंत मिठाचे खडे वाजले तर आधींच्या मालकानें ती आंतून धुतली नाहीं असें समजावें. सिलिंडर जोडून भरावयाची कळ पुनःपुन्हां दाबावी. बोट उचलल्याबरोबर हवा थांबली पाहिजे. सुटे भाग आज मिळतात कीं नाहीं, व कारखानदारानें ती जात परत मागविली आहे काय, हेंही विचारावें. स्वतःची झाली म्हणजे दर बुडीनंतर गोड्या पाण्यानें आंतबाहेर धुऊन, पाणी निथळून, अर्धवट फुगवून सावलींत टांगावी, आणि कळांची तपासणी वर्षांतून एकदां जाणत्याकडून करवावी.

आतां पत्राचें उत्तर. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्याची बंडी घेऊं नये. निम्म्या किंमतीस मिळाली तरी ती दुसऱ्याच्या अंगाची आहे. शिक्षणाच्या काळांत केंद्राकडून बंडी मिळते. तींत आपल्या मापाची मागून घ्यावी व नसेल तर ती येईतोंवर पाण्यांत उतरूं नये. पुढें दहा-पंधरा बुड्या भाड्याच्या निरनिराळ्या बंड्यांवर कराव्या. कोणता प्रकार अंगास मानवतो हें मुलगीच सांगेल. मग हौस टिकली असेल तर स्त्रियांच्या मापाची, दहा-तेरा किलोंची, हलकी, प्रवासास सोईची बंडी घ्यावी. शिष्यवृत्तीचे पैसे आज खर्चावयाचेच असतील तर ते चांगल्या शिक्षकाच्या शुल्कांत व चेहऱ्यास नीट बसणाऱ्या गॉगलवजा मास्कांत घालावे. शिक्षकाचें प्रमाणपत्र पाहावें, एका वेळीं तो किती शिष्य पाण्यांत नेतो हें विचारावें, आणि कान, छाती व हृदय यांची तपासणी डॉक्टरांकडून करवून प्रकृतीचा फॉर्म खरा भरावा. पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा अठरा मीटरांची असते. ती कोणाच्याही आग्रहानें ओलांडूं नये.

आजोबांची शंका आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तिला उत्तर आहे, पण तें बंडींत नसून शिक्षणांत आहे. भीतीपोटीं घेतलेली वस्तु नेहमीं मोठी, जड व महाग असते, आणि या विद्येंत तर मोठें व जड तेंच धोक्याचें ठरतें. मुलगी शिकून आली म्हणजे तिनें आजोबांस जवळ बसवून आर्किमिडीजचा आणि बॉईलचा नियम एकदां समजावून द्यावा. जिला तो समजावून देतां येईल, तिला जाऊं देण्यास आजोबांनींही हरकत घेऊं नये, असें आम्हांस वाटतें.